बापाला शाळेत घातलं

गावात सगळेच तिला सिस्टर म्हणत. तिच्याहून लहान म्हणत, मोठे म्हणत, शेजारणी म्हणत आणि नवऱ्याचे मित्रही म्हणत. गावात दवाखाना एकच, तिथे डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. बाकीचे दिवस सगळा कारभार तिच्या एकटीच्या अंगावर. ती पन्नाशीला आली होती. नवरा विजेच्या कंपनीत लाइनमन, तो एक तर खांबावर असायचा नाहीतर रस्त्यावर. मुलगी शिकायला बाहेरगावी. घरात उरले ते सिस्टरचे वडील.

वडिलांनी जन्मभर गावाची बस चालवली होती. शहर अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. सकाळी बस घेऊन जायचं आणि दिवेलागणीला परत यायचं, यात त्यांचं आयुष्य गेलं. गावातून जो कोणी शिकायला, नोकरीला, ऑपरेशनला शहरात गेला, तो त्यांच्याच बसमधून गेला. त्यातले बरेचसे परत आलेच नाहीत. त्याचं त्यांना मनातून वाईट वाटायचं, जणू आपणच या सगळ्यांना नेऊन सोडलं.

निवृत्तीनंतर काही वर्षं बरी गेली. मग एका सकाळी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. सिस्टर घरातच होती म्हणून जीव वाचला, पण हात कायमचा लुळा पडला आणि पायाचा भरवसा राहिला नाही. ती दवाखान्यात गेली की ते घरात एकटे. शेजारीण डोकावून जायची, पण तिलाही तिची कामं होती. एकदा ते न्हाणीत पडले आणि सिस्टर दुपारी जेवायला घरी येईपर्यंत तसेच ओल्या फरशीवर पडून राहिले. तिला पाहून म्हणाले, "काही नाही गं, जरा टेकलो होतो."

सिस्टरचा धाकटा भाऊ शहरात होता. त्याच्या घराजवळ वृद्धांसाठी एक चांगली संस्था होती. तिथे लिफ्ट होती, डॉक्टर होते, चोवीस तास माणसं होती. भावानं फोनवर ताईला पुष्कळ समजावलं. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि तेच तिला जड जात होतं. शेवटी ज्या रस्त्यानं वडिलांनी सगळ्या गावाला नेलं, त्याच रस्त्यानं एके दिवशी त्यांना नेण्यात आलं. वाटेत ते खिडकीतून बाहेर बघत बसले आणि नव्या ड्रायव्हरनं प्रत्येक वळणावर गिअर उशिरा टाकला, एवढीच तक्रार त्यांनी केली.

संस्था खरोखर चांगली होती. चादरी स्वच्छ, माणसं मायाळू, औषधं वेळेवर. भाऊ एक दिवसाआड जाऊन बसायचा. पण सिस्टर महिन्यातून एकदा जायची तेव्हा तिला दर खेपेला वडील थोडे कमी झालेले दिसत. ते खाली जेवणाच्या हॉलमध्ये जायला तयार नसत. ताट वरच खोलीत मागवत आणि अर्धं परत पाठवत. बोलणं तर जवळजवळ संपलं होतं. ती गावातल्या गोष्टी सांगे, ते मान हलवत.

एका खेपेला तिला निघायला उशीर झाला. जिना उतरताना खालच्या मजल्यावर, बायकांच्या बाजूला, एका दारातून ओळखीचा आवाज आला. कुणीतरी मदतनिसाला बजावत होतं की परकराची नाडी अशी ओवतात का, सुई कुठं आहे, आण इकडे. सिस्टर थबकली. आत डोकावून बघते तर पलंगावर शिवणकाकू.

शिवणकाकू म्हणजे त्यांच्याच गल्लीतली, अगदी समोरच्या घरातली बाई. गावातल्या निम्म्या लोकांच्या अंगावरचे कपडे आणि शाळेतल्या मुलांचे गणवेश तिनं शिवलेले. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. काही वर्षांपूर्वी भाचा येऊन तिला शहरात घेऊन गेला, एवढंच गावाला माहीत होतं. ती भाच्याकडे सुखात असेल असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. भाचा परदेशी गेल्यावर ती इथे आली होती. म्हणजे सिस्टरचे वडील वरच्या मजल्यावर आणि ती खालच्या. एकाच छपराखाली दोघं महिनोन्‌महिने राहत होती आणि एकमेकांना पत्ता नव्हता.

सिस्टर उलट्या पावली वर गेली. वडिलांना चाकांच्या खुर्चीत बसवलं, लिफ्टमधून खाली आणलं. कुणाकडे चाललोय हे काही सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

आता या दोघांचं पूर्वीपासून हाडवैर होतं. वडील बस गल्लीच्या तोंडाशी लावत. ती नेमकी शिवणकाकूच्या खिडकीसमोर येई आणि तिच्या मशीनवरचा उजेड जाई. संध्याकाळच्या उरलेल्या उजेडात तिला काजं करायची असत. रोज ती बाहेर येऊन भांडे, रोज ते उद्यापासून लावत नाही म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी बस तिथेच.

खुर्ची दारातून आत आली तशी शिवणकाकूनं चष्मा नाकावर सरकवला. मग म्हणाली, "बस कुठं लावलीत?"

वडिलांचे खांदे हलायला लागले. सिस्टरला क्षणभर वाटलं, त्यांना काही होतंय. पण ते हसत होते. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते म्हणाले, "तुमच्या खिडकीतच. आणखी कुठं लावणार?"

त्यानंतर दोघं जी बोलत बसली ती थांबेचनात. कोणाची विहीर आटली, कोणाच्या घरावर नवीन पत्रा आला, पुलाचं काम झालं की अजून तसंच आहे. जाता येता संस्थेची मेट्रन दारात उभी राहिली. तिनं सिस्टरला हळूच सांगितलं की या आजोबांचा आवाज ती आज पहिल्यांदा ऐकते आहे.

परतीच्या बसमध्ये सिस्टर स्वस्थ बसून होती. संस्थेत काही कमी नव्हतं. भावातही काही कमी नव्हतं. कमी होतं ते एवढंच, की तिथे गाव नव्हतं. आणि गाव उचलून शहरात नेता येत नाही. संस्था मात्र गावात आणता येईल की नाही, हा विचार तिच्या डोक्यात शिरला तो घरी पोचेपर्यंत निघाला नाही.

इमारत तिला डोळ्यांसमोर दिसत होती. गावची शाळा. बैठी, लांब ओसरीची, पायऱ्या जेमतेम दोन, मागे नळ आणि संडास. मुलं कमी कमी होत गेली आणि शेवटी उरलेल्या चारदोन पोरांना व्हॅन हमरस्त्यावरच्या मोठ्या शाळेत न्यायला लागली, तेव्हापासून ती बंद होती.

ती गावसमितीच्या अध्यक्षांकडे गेली. त्यांना कल्पना पटली. ते म्हणाले, फारच छान, समितीची काहीच हरकत नाही. मग त्यांनी घसा खाकरला आणि विचारलं की मोठ्या बाईंना कोण विचारणार.

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. निवृत्त होऊन त्यांना जमाना झाला होता, शाळाही बंद पडली होती, पण किल्ली त्यांच्याकडेच होती आणि ती मागायची कोणाची छाती नव्हती. अध्यक्ष स्वतः साठीचे, नातवंडंवाले. पण रस्त्यात बाई दिसल्या की हातातली सिगरेट पाठीमागे जायची. बाई शाळेसमोरच एकट्या राहत. रोज सकाळी जाऊन वर्ग उघडत, खिडक्या उघडत, बाकं पुसत आणि परत कुलूप लावत. इमारतीला हवा लागली पाहिजे, असं म्हणत.

अखेर सिस्टरच गेली. बाईंनी तिला बसायला सांगितलं आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. गावभर जिला सिस्टर म्हणत, तिला बाई अजूनही ड्रायव्हरची पोर म्हणत.

"शाळा रिकामी आहे हे तुला कोणी सांगितलं?" त्या म्हणाल्या. "मुलं नाहीत, एवढंच."

सिस्टरनं विचारलं, आता मुलं परत येतील असं बाईंना वाटतं का.

"मला काय वाटतं तो प्रश्न नाही. उद्या एखाद्या घरात मूल आलं, तर त्यानं शाळेच्या दारात यायचं आणि आत म्हातारी माणसं खोकताना बघायची? या गावात आता फक्त मरायचं काम उरलंय, असं त्याला सांगायचं का आपण?"

लहानपणी पाढे सोडले तर बाईंसमोर सिस्टरला कधीच काही सुचलं नव्हतं. तिनं बाईंचं ब्लडप्रेशर तपासलं, गोळी बदलून दिली आणि ती घरी आली.

पण ती हात बांधून बसली नाही. इमारत नाही तर नाही, घराघरांत तर जाता येईल. तिनं गावातल्या काही बायकांना जमवलं आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात शिकवायला सुरुवात केली. पडलेल्या माणसाला आपली कंबर न मोडता कसं उठवायचं, पलंगावरच अंघोळ कशी घालायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कशी बदलायची. सुरुवातीला बायका लाजून एकमेकींना ढकलत होत्या. गिरणीवाल्याची सून मात्र पहिल्या दिवसापासून सरसावून पुढे. तिच्या हाताला काही वेगळीच जाण होती. चिडक्यातला चिडका म्हातारा तिच्यासमोर गोगलगाय व्हायचा.

सुतारकाकांनाही तिनं कामाला लावलं. ते घरोघरी जाऊन न्हाणीत लाकडी कठडे बसवायचे, उंबरे तासून सपाट करायचे. काम करता करता त्यांची बडबड चालू असे. एका आजीच्या घरी कठडा बसवून झाल्यावर आजीनं विचारलं, हा किती वर्षं टिकेल. सुतारकाका म्हणाले, तुम्ही घाबरू नका, तुम्हाला पुरून उरेल. आणि मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्यांनी जीभ चावली. आजी मात्र आठवडाभर ही गोष्ट ज्याला त्याला हसत सांगत होती.

या सगळ्यानं पुष्कळ फरक पडला. पण ज्यांना रात्रंदिवस कोणीतरी जवळ लागतं, त्यांचं काय करायचं हा प्रश्न तसाच राहिला. वडील शहरातच होते. शिवणकाकूही.

पुढच्या खेपेला सिस्टर शहरात निघाली तेव्हा बस थांब्यावर मोठ्या बाई उभ्या. इस्त्रीची साडी, हातात छत्री. त्या म्हणाल्या, त्यांनाही शिवणकाकूला भेटायचं आहे. दरवर्षी शाळा सुरू होण्याआधी दोघी मिळून गणवेशाची मापं घ्यायच्या. इतकी वर्षं एकत्र काम केलं आणि ती गेली कुठे हे आपण विचारलंसुद्धा नाही, याची त्यांना टोचणी लागली होती.

संस्थेत पोचल्यावर बाईंनी आधी मेट्रनला गाठलं आणि सगळी इमारत दाखवायला सांगितली. स्वयंपाकघर पाहिलं, न्हाणी पाहिली, गाद्या हातानं दाबून पाहिल्या. रात्री किती माणसं जागी असतात ते विचारलं. मेट्रन बिचारी शाळा तपासणी असल्यासारखी उत्तरं देत होती. मग बाई शिवणकाकूच्या खोलीत गेल्या आणि पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसल्या. सिस्टर वडिलांना घेऊन तिथेच आली.

काकूला कोण आनंद झाला. तिनं बाईंचा हात धरून ठेवला आणि चौकशा सुरू केल्या. तब्येत झाली, घर झालं. मग तिनं विचारलं, "बाई, शाळेत आता किती मुलं आहेत? निम्मी झाली असतील नाही?"

ती गेली तेव्हा शाळा चालू होती. बंद झाल्याचं तिला कोणी कळवलंच नव्हतं, गप्पांच्या ओघात वडिलांनीही नाही. सिस्टरनं मान खाली घातली. खोटं बोलू नये म्हणून बाईंनी सगळ्या गावाला हातावर छड्या खायला लावल्या होत्या.

"एकही नाही," बाई म्हणाल्या. "बंद झाली."

काकू म्हणाली, "मग त्या वर्गांत कोण बसतं?"

"कोणी नाही. मीच जाऊन बसते."

हे वाक्य बाईंच्या तोंडून निघालं आणि त्यांनाच ते नवीन असल्यासारखं त्या थोडा वेळ समोरच्या भिंतीकडे पाहत राहिल्या. वडिलांनी आपला चांगला हात पुढे करून त्यांच्यासमोरचा चहाचा कप जरा त्यांच्या बाजूला सरकवला. बाईंनी तो उचलून तोंडाला लावला. मग बोलणं दुसरीकडे वळलं.

परत गावच्या थांब्यावर उतरल्यावर बाईंनी छत्री बगलेत मारली आणि म्हणाल्या, "तिथले दरवाजे अरुंद आहेत. तुझ्या वडिलांची खुर्ची आत घेताना तुझी बोटं खरचटत होती. आपल्या वर्गांचे रुंद आहेत. मुलं एकदम बाहेर पळतात म्हणून मी तेव्हा भांडून रुंद करून घेतले होते." थोडं पुढे जाऊन त्या वळल्या. "सकाळी ये. उशीर करू नकोस."

सकाळी त्यांनी दोन अटी घातल्या. इमारतीला वृद्धाश्रम म्हणायचं नाही, शाळेची पाटी आहे तीच राहील. आणि एक वर्ग वर्गासारखाच ठेवायचा, फळ्यासकट. सिस्टरनं दोन्ही मान्य केल्या.

परवानग्या, पाहणी, नकाशे यात एक वर्ष गेलं. पैसा गावानं दिला, शहरात गेलेल्यांनी दिला, थोडा सरकारनं दिला. सुतारकाकांनी वर्गांच्या मधोमध भिंती घालून खोल्या पाडल्या, पायऱ्यांच्या जागी उतार केला, ओसरीला शेवटपर्यंत कठडा लावला. लाइनमननं म्हणजे सिस्टरच्या नवऱ्यानं प्रत्येक पलंगाशी घंटेचं बटण बसवलं आणि ते वाजतं की नाही हे पाहण्यासाठी आख्ख्या गावाला दुपारभर झोपू दिलं नाही. गिरणीवाल्याची सून आणि आणखी काही बायका पाळीपाळीनं कामाला यायच्या ठरल्या. डॉक्टरांनी आपला दिवस तिथेच द्यायचं कबूल केलं.

सगळं तयार झालं आणि कोणी आलं नाही.

गावात गरज नव्हती असं नाही. अध्यक्षांच्या आईला रात्री उठवायला कोणी नव्हतं. पण आपल्या माणसाला तिथे ठेवलं तर लोक काय म्हणतील, याची सगळ्यांना धास्ती. शहरात पाठवलं तर 'मुलाकडे गेली' म्हणता येतं. गावातल्या गावात ठेवलं तर 'टाकली' म्हणतील. प्रत्येक जण सिस्टरला रस्त्यात अडवून सांगे की फार चांगलं काम केलंस, आणि दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवे.

सिस्टरनं भावाला फोन केला. वडिलांना इथे आणायचं आहे म्हणाली. भाऊ दुखावला.

"ताई, मी नीट सांभाळलं नाही असं म्हणायचंय का तुला?"

"तू नीटच सांभाळलंस. तिथं गाव नव्हतं, त्याला तू काय करणार?"

मग भाऊ म्हणाला की तो स्वतः गाडीनं घेऊन येईल, आणि शिवणकाकूंची यायची इच्छा असेल तर त्यांनाही. इच्छा असेल तर, असं विचारायची गरज पडली नाही. भाऊ पोचला तेव्हा काकू पिशवी मांडीवर घेऊन खालच्या बाकावर बसलेली होती.

वडील आले त्याच संध्याकाळी पारावर कुणीतरी म्हणालं, "ऐकलंत का, सिस्टरनं बापाला शाळेत घातलं." बसलेले सगळे हसले. दुसऱ्यानं विचारलं, पहिलीत बसवलं की दुसरीत. तिसरा म्हणाला, ड्रायव्हरदादा लहानपणी पळून जायचा शाळेतून, आता बरा सापडला. सिस्टरच्या कानावर हे आलं तेव्हा तिला आधी वाईट वाटलं. वडिलांना मात्र ते फार आवडलं. भेटायला येईल त्याला ते सांगत, माझं नाव घातलं शाळेत, तुझं कधी?

हळूहळू ते बोलणं गावाच्या तोंडी बसलं. 'टाकलं' म्हणायला जीभ धजत नव्हती, पण 'शाळेत घातलं' म्हणायला हसू यायचं. हसत हसत माणूस बोलून जातो. एके दिवशी अध्यक्ष दारात आले, सवयीनं सरळ उभे राहिले आणि म्हणाले की आईला शाळेत घालायचंय, जागा आहे का. आत बसलेल्या मोठ्या बाई म्हणाल्या, जागा आहे, पण वर्गात तंबाखू चालणार नाही, तुझ्या आईलाही सांग आणि तूही लक्षात ठेव. अध्यक्षांच्या आईनंतर मग गवंड्याचे सासरे आले, त्यानंतर दोन बहिणी आल्या. वर्षभरात खोल्या भरत आल्या.

दुपारी ओसरीवर ऊन येई. शिवणकाकू तिथे बसून सगळ्यांच्या उशांचे अभ्रे दुरुस्त करी. वडील नेमकी आपली खुर्ची तिच्यासमोर लावत आणि ती सरका म्हणून ओरडे. नवीन आलेल्या माणसांना वाटायचं यांचं जमत नाही. जुनी माणसं त्यांना समजावत.

मोठ्या बाई मात्र राहायला आल्या नाहीत. रोज सकाळी येत, फळा असलेल्या वर्गात वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवत आणि जेवायच्या वेळी आपल्या घरी जात. संध्याकाळी गिरणीवाल्याची सून त्यांच्याकडे जाऊन औषधं, पाणी बघून येई. त्यांना विचारायची हिंमत कोणी केली नाही. मग एका थंडीत सुतारकाका डोक्यावर ट्रंक घेऊन आले. मागोमाग बाई. रोज ये-जा करून पाय दुखतात, एवढंच त्या म्हणाल्या आणि कोपऱ्यातल्या खोलीत त्यांनी आपली पुस्तकं लावायला घेतली. सिस्टर मदतीला गेली तर बाईंनी तिला थांबवलं. म्हणाल्या, "मुलं येणार नाहीत हे मला कळत होतं गं. कुणीतरी यावं, एवढंच होतं." आणि पुस्तकं उंचीप्रमाणे लाव, म्हणून बजावलं.

वडील तिथे दोन वर्षं राहिले. ती चांगली वर्षं होती. भाऊ सुट्टीला येई आणि त्यांच्या शेजारच्या बाकावर बसून गावातल्या माणसांच्या गप्पा ऐके. लहानपणी जे त्याच्या कानावर पडलं नव्हतं, ते सगळं आता पडत होतं. वडील गेले ते एका दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या, उन्हात. काकूला वाटलं डुलकी लागली. सिस्टर धावत आली तेव्हा काकू त्यांच्या खुर्चीशी उभी होती. म्हणाली, "मी त्यांना सरका म्हणत होते गं. दोनदा म्हटलं."

सिस्टरनं तिला खाली बसवलं, पाठीवर हात ठेवला. "बरं झालं काकू," ती म्हणाली. "त्यांना तेच ऐकायची सवय होती."

काही दिवस सिस्टरनं रजा घेतली. घरात तिला करमेना. परत शाळेत गेली, तरी वडिलांच्या खोलीचं दार उघडायला हात होत नव्हता. एक दिवस तिनं ते उघडलं, गादी उन्हात घातली, खिडकी पुसली. त्याच दिवशी टेकडीपलीकडच्या गावातून एक बाई आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आली. तिनं इथलं ऐकलं होतं. आईला एकटीला सोडून शेतावर जाता येत नाही म्हणाली. इथे एखादी खोली मिळेल का.

खोली होती. सिस्टरनं दोघींना बसवलं, चहा केला, सगळी इमारत फिरून दाखवली. म्हातारी सगळीकडे बघत होती, पण नजर कुठेच ठरत नव्हती. ओसरीवर बसलेल्यांपैकी तिच्या ओळखीचं कोणी नव्हतं. सिस्टरला तो चेहरा ओळखीचा वाटला. शहरातल्या वरच्या मजल्यावर तिनं तो महिनोन्‌महिने पाहिला होता.

"खोली तुमचीच आहे, आजपासून म्हणालात तरी," ती त्या बाईला म्हणाली. "पण आधी एक सांगा. तुमच्या गावात एखादी वापरात नसलेली इमारत आहे का?"

बाईनं विचार केला. जुनं दूधकेंद्र आहे म्हणाली, पण तिथे आता कोणी जात नाही. आणि त्यांच्या गावात काही सिस्टर नाही.

"असं घर चालवायची मला तरी कुठे माहिती होती? आमच्या गिरणीवाल्याची सून शिकवील तुम्हाला. तिच्याकडून शिकलेलं विसरायला होत नाही, फार ओरडते."

तिथली सोय होईपर्यंत म्हातारी इथे राहिली. रविवारी सिस्टर, सुतारकाका, गिरणीवाल्याची सून आणि त्या मायलेकी असे सगळे टेकडीपलीकडे गेले. सुतारकाका दूधकेंद्राच्या भिंती ठोकून बघत होते आणि छप्पर बघून मान हलवत होते. गिरणीवाल्याच्या सुनेभोवती बायका जमल्या होत्या. म्हातारी आपली काठी टेकत इमारतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत गेली. वाटेत तिला दोघांनी हाक मारली, तिनं दोघांची खुशाली विचारली. मग ती एका खोलीच्या दारात थांबली.

"मला ही रस्त्याकडची द्या," ती सिस्टरला म्हणाली. "इथून येणारं-जाणारं दिसतं."